कवीच्या नावानं पंगत

८ ऑगस्ट १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या ब्रिटिश फौजेनं नगरच्या पेठेच्या तटाला शिड्या लावल्या. या फौजेत स्कॉटलंडमधल्या दोन पलटणी होत्या, ७४वी आणि ७८वी हायलँडर. पेठ त्याच दिवशी पडली आणि चार दिवसांनी, १२ ऑगस्टला, भुईकोट किल्लाही शिंद्यांच्या हातून गेला. किल्ल्याजवळच्या एका चिंचेखाली वेलस्ली जेवायला बसला होता, असं नगरकर सांगत आले आहेत. नगरची आणि स्कॉटिश माणसांची मोठी गाठ पडली ती अशी, तोफांच्या धुरात.

त्याच वर्षी तिकडे स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर काही मंडळी एका तारखेच्या मागे लागली होती. १७९६ मध्ये वारलेल्या एका कवीच्या वाढदिवसाचं म्हणून ग्रीनॉक या बंदरातल्या लोकांनी आदल्या वर्षी, २९ जानेवारी १८०२ रोजी, जेवण घातलं होतं. १८०३ मध्ये एअर या गावच्या चर्चची नोंदवही पाहिल्यावर कळलं, की आपण चार दिवस उशिरा जेवलो. रॉबर्ट बर्न्स जन्मला तो २५ जानेवारी १७५९ रोजी. तारीख दुरुस्त झाली आणि ती आजवर पाळली जाते. एडिंबरापासून सिडनीपर्यंत, जिथे म्हणून चार स्कॉटिश माणसं आहेत तिथे, २५ जानेवारीच्या आगेमागे ‘बर्न्स सपर’ होतंच.

शिकायला एडिंबराला गेले, तेव्हा पहिल्याच जानेवारीत मलाही या जेवणाचं बोलावणं आलं. कवीच्या नावानं इतकी माणसं दर वर्षी ताटावर बसतात, असं दुसरं उदाहरण मी युरोपात शोधलं. मला सापडलं नाही. ते सापडलं माझ्याच जिल्ह्यात, गोदाकाठी. या लेखात त्या दोन पंगती शेजारी मांडून पाहायच्या आहेत.

कुळाचा पोर आणि ताहाराबादचे कुलकर्णी

बर्न्सचा बाप कुळानं जमीन कसणारा शेतकरी. ॲलोवे गावातलं मातीच्या भिंतींचं, गवतानं शाकारलेलं घर त्यानं स्वतःच्या हातानं बांधलं होतं. ते घर आजही उभं आहे. निकस जमीन, चढा खंड आणि कोर्टकचेऱ्या यांत बाप १७८४ मध्ये खचून गेला. रॉबर्टनं लहानपणापासून नांगर धरला आणि नांगरटीतच कविता जुळवल्या. फाळानं उंदराचं घरटं मोडलं, त्यावरची त्याची कविता १७८५ची. पुढच्याच वर्षी लग्नाआधीच्या संबंधांबद्दल त्याला मॉखलिनच्या चर्चमध्ये सगळ्या गावासमोर प्रायश्चित्त घ्यावं लागलं. त्याच उन्हाळ्यात, ३१ जुलै १७८६ रोजी, किलमार्नकच्या एका छापखान्यातून त्याचं पहिलं पुस्तक निघालं. प्रती ६१२, किंमत तीन शिलिंग. महिनाभरातच बहुतेक सगळ्या संपल्या.

हे पुस्तक गाजलं नसतं, तर बर्न्स जमैकाला जाणार होता, ऊसमळ्यावर हिशेबनीस म्हणून. तो मळा गुलामांच्या घामावर चालणारा होता. माणूस माणसासारखाच, मोठेपणाचे बिल्ले खोटे, असं ठणकावून सांगणारा कवी त्या नोकरीला तयार झाला होता, ही गोष्ट आता स्कॉटलंडमध्ये झाकून ठेवत नाहीत. सपरच्या भाषणांत तिचा उल्लेख होतो आणि व्हायलाही हवा.

पुढे १७८९ पासून तो अबकारी खात्यात लागला. दारूच्या भट्ट्या आणि चोरटा माल तपासत घोड्यावरून रपेट करायची, आणि उरलेल्या वेळात गावोगावची गाणी गोळा करायची, डागडुजी करायची, नवी रचायची. जेम्स जॉन्सन आणि जॉर्ज टॉमसन यांच्या संग्रहांसाठी त्यानं शेकडो गाणी दिली आणि या कामाचे पैसे घ्यायला तो तयार नसे. २१ जुलै १७९६ रोजी डम्फ्रीजला तो गेला, तेव्हा सदतीस वर्षांचा होता. त्याच्या अंत्ययात्रेच्या दिवशीच त्याची बायको जीन बाळंत झाली.

बर्न्स तीन वर्षांचा असताना, १७६२ मध्ये, राहुरी तालुक्यातल्या ताहाराबादला महिपतींनी ‘भक्तविजय’ हातावेगळा केला. महिपती गावचे कुलकर्णी. त्यांच्याबद्दलची गोष्ट आमच्या भागात सगळ्यांना ठाऊक आहे. पूजेला बसलेले असताना जहागीरदाराचा शिपाई बोलवायला आला, थांबेना, बोलू नये ते बोलला. महिपती काम उरकून परत आले, कानावरची लेखणी विठ्ठलापुढे ठेवली आणि ही लेखणी यापुढे चाकरीत चालायची नाही, असं ठरवलं. बर्न्सनं पोटासाठी सरकारी लेखणी धरली, महिपतींनी ती खाली ठेवली. दोघांचं उरलेलं काम मात्र एकच. लोकांच्या तोंडी विखुरलेलं होतं ते त्यांनी वेचलं आणि लोकांनाच समजेल अशा बोलीत परत दिलं. ‘भक्तविजय’ इंग्रजीत नेला तो अमेरिकन मराठी मिशनच्या जस्टिन ॲबट यांनी, नरहर गोडबोले यांच्या साथीनं. १८३१ पासून नगरला मुक्काम ठोकून बसलेलं मिशन ते हेच.

सुरी, वाजंत्री आणि हॅगिस

विद्यापीठातल्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी सपर होतं चर्चच्या जुन्या दालनात. लांब लाकडी टेबलं, कागदी आच्छादनं, बाहेर लवकरच पडलेला अंधार. यजमान म्हणून एक निवृत्त प्राध्यापक. त्यांनी सुरुवातीला म्हटली ती ‘सेलकर्क ग्रेस’, चार ओळींची प्रार्थना. कुणाकडे अन्न आहे पण खाता येत नाही, कुणाला खायचंय पण अन्न नाही, आपल्याकडे दोन्ही आहे, देवाचे आभार. एवढाच तिचा आशय. मग कोंबडी आणि लीकच्या पातीचं गरम सूप आलं.

सूप संपलं आणि सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. दाराशी पाइपचा आवाज फुटला. नगरसारख्या लष्करी गावात वाढलेल्याला पाइप बँडचं अप्रूप नसतं. पण कवायतीच्या मैदानावर दुरून ऐकू येणारे पाइप आणि बंद दालनात कानाशी वाजणारे पाइप, यांत फरक आहे. छातीत घुमतं. पुढे वाजवणारा, मागे दोन्ही हातांवर तबक घेतलेला आचारी, त्याच्या मागे सुरी घेतलेला वाचक. तबकात हॅगिस, टरटरून फुगलेला, तपकिरी, वाफाळता गोळा. सगळ्यांनी तालात टाळ्या धरल्या. पालखी आत येताना लोक जसे आपोआप बाजूला होतात, तसे आम्ही झालो.

वाचक म्हणजे स्थापत्यशास्त्राचा एक मुलगा. त्यानं हॅगिसकडे तोंड करून बर्न्सची ‘ॲड्रेस टू अ हॅगिस’ म्हणायला सुरुवात केली. ही कविता १७८६ची, आठ कडव्यांची, आणि एका खाद्यपदार्थाची स्तुती म्हणून अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणायची. सुरी पुसण्याचा, मग खुपसून गोळा चिरण्याचा उल्लेख कवितेतच आहे, म्हणून वाचकानं तेव्हाच तसं करायचं. त्यानं केलं. कातडं तडकलं, आतला कण कण मोकळा होऊन तबकात सांडला, वाफेचा लोट उठला आणि मिरी-जायफळाचा वास पहिल्या रांगेपर्यंत आला. पुढच्या कडव्यांत फ्रेंच पद्धतीचं नाजूक जेवण खाणाऱ्या काटकुळ्या माणसाची टर उडवली आहे, तिथे हशा. शेवटी सगळ्यांनी पेले उंचावले.

ताटात आलं ते हॅगिस, सोबत ‘नीप्स’ आणि ‘टॅटीज’, म्हणजे पिवळसर सलगम आणि बटाटा, दोन्ही कुस्करलेले. पहिला घास घेतला आणि मला घर आठवलं.

वजडीची ओळख

हॅगिस म्हणजे मेंढराचं काळीज, कलेजी आणि फुप्फुस शिजवून बारीक करायचं, त्यात भरडलेलं ओट, कांदा, चरबी, मीठ, मिरी घालायची, सगळं त्याच मेंढराच्या स्वच्छ केलेल्या पोटात भरून, तोंड शिवून, तीनेक तास उकळायचं. हल्ली पोटाऐवजी बनावट आवरण वापरतात. परदेशी विद्यार्थी हे ऐकूनच अर्धमेले होतात. माझ्या टेबलावरच्या दोघांनी ताट सरकवून ठेवलं.

पारनेर तालुक्यातल्या घरात वाढलेल्या मुलीला यात दचकण्यासारखं काय? आमच्याकडे जत्रेच्या दुसऱ्या दिवशी वजडी होते. आजी उकळत्या पाण्यात ती बुडवून काढायची, चुना लावून सुरीनं खरवडायची, पांढरी होईपर्यंत पुन्हा पुन्हा धुवायची. दिवसभराचं काम. बोकडाचं मांस पाहुण्यांना आणि पुरुषांना आधी. वजडी, मुंडी, पाय हे घरच्या बायकांच्या आणि सालगड्याच्या वाट्याचं. त्यात मेंढराचं म्हटल्यावर तर आमचं काही अडतच नव्हतं. नगर-पुणे पट्ट्यात बोल्हाईला मानणारी घरं बोकडाला शिवत नाहीत, मेंढराचंच मटण खातात. ‘बोल्हाईचे मटण मिळेल’ अशी पाटी दुकानावर असते. या हिशेबानं हॅगिस अगदी बोल्हाईच्या पंक्तीतलं.

हॅगिस मुळात स्कॉटलंडचंच, असंही नाही. पंधराव्या शतकातल्या एका इंग्रजी पद्यमय पाकपुस्तकात त्याची कृती आहे, आणि १६१५ मध्ये जर्व्हेस मार्कमनं इंग्लंडमधल्या गृहिणींसाठी लिहिलेल्या पुस्तकातही त्याचा उल्लेख येतो. पुढे इंग्लंडमध्ये खिशात पैसा आला तसं हे खाणं मागे पडलं. गरीब स्कॉटलंडमध्ये राहिलं. डॉ. सॅम्युअल जॉन्सननं १७५५च्या आपल्या शब्दकोशात ओटबद्दल टोमणा मारला होता, की हे धान्य इंग्लंडमध्ये घोड्यांना घालतात आणि स्कॉटलंडमध्ये माणसांना. बाजरीबद्दल शहरी माणसाचा स्वर याहून फार निराळा नव्हता, आता तिला दुकानात भाव आला ती गोष्ट वेगळी. बर्न्सनं याच कुचेष्टेच्या धान्यावर आणि टाकाऊ मांसावर कविता केली, तीही वरच्या पट्टीत. त्यानंतर हॅगिसला कुणी गरिबाचं खाणं म्हणून हिणवू शकलं नाही. कविता पदार्थावर झाली आणि पदार्थ राष्ट्राचा झाला.

शाकाहारी हॅगिसची गोष्टही कवितेच्याच आधारानं उभी आहे. १९८४ मध्ये एडिंबरात स्कॉटिश पोएट्री लायब्ररी उघडली, तेव्हा त्या समारंभासाठी मॅकस्वीन या मटणवाल्यांनी मसूर, राजमा, गाजर आणि ओट वापरून बिनमांसाचं हॅगिस केलं. पुढे ते दुकानांत आलं आणि आता सर्रास मिळतं. आमच्यातला गळ्यात माळ असलेला वारकऱ्याच्या घरातला मुलगा त्या रात्री तेच जेवला. व्हिस्कीच्या जागी त्यानं आयर्न ब्रू हे बिनदारूचं पेय घेतलं. कुणी त्याला आग्रह केला नाही. अमेरिकेत मात्र खरं हॅगिस मिळणं कठीण, कारण १९७१ पासून तिथे माणसाच्या अन्नात जनावराचं फुप्फुस वापरायला बंदी आहे.

पत्रिका ठरलेली, माणसं कुठलीही

पहिलं बर्न्स सपर झालं २१ जुलै १८०१ रोजी, कवीच्या पाचव्या पुण्यतिथीला, त्याच ॲलोवेच्या घरात. नऊ मित्र जमले. हॅमिल्टन पॉल नावाच्या पाद्र्यानं पुढाकार घेतला. हॅगिस होतं, मेंढराची मुंडी होती, हॅगिसची कविता म्हटली गेली, कवीच्या नावानं पेले उचलले गेले. सव्वादोनशे वर्षांत या सांगाड्यात फारसं बदललेलं नाही. प्रार्थना, सूप, वाजतगाजत आलेलं हॅगिस, कविता, जेवण, मग ‘इम्मॉर्टल मेमरी’ हे कवीवरचं मुख्य भाषण, स्त्रियांच्या नावानं एक मिस्कील भाषण, त्याला पुढे जोडलं गेलेलं स्त्रीचं उत्तर, गाणी, आणि शेवटी सगळ्यांनी हातांत हात गुंफून ‘ऑल्ड लँग साइन’.

हा क्रम कागदाच्या एका बाजूवर मावतो. त्यामुळे तो कुठेही नेता येतो. कंपनीच्या नोकरीत आलेल्या स्कॉटिश लोकांनी एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांतच तो कलकत्त्याला आणला. रवींद्रनाथांनी ‘ऑल्ड लँग साइन’ची चाल घेऊन बंगालीत गाणं केलं. डेहराडूनच्या लष्करी प्रबोधिनीतले कॅडेट अधिकारी होताना शेवटची पायरी ओलांडतात तेही याच चालीवर. सोव्हिएत रशियानं १९५६ मध्ये बर्न्सचं टपाल तिकीट काढलं, ब्रिटनच्याही आधी. पुढे १९९९ मध्ये स्कॉटलंडची संसद पुन्हा भरली, तेव्हा उद्घाटनाला त्याचंच समतेचं गाणं गायलं गेलं.

आता गोदाकाठची पंगत. नेवाशाला पैसाच्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत सांगितली, शके १२१२ म्हणजे १२९० मध्ये, आणि सच्चिदानंदबाबांनी ती लिहून घेतली. तेव्हापासून सव्वासातशे वर्षं हा ग्रंथ पोथीत आहे, पण त्याहून जास्त तो सप्ताहात आहे. श्रीरामपूरजवळच्या सरला बेटाच्या गंगागिरी महाराजांचा अखंड हरिनाम सप्ताह श्रावणात भरतो. त्याची परंपरा पावणेदोनशे वर्षांच्या वर गेली. नगर, नाशिक आणि संभाजीनगर जिल्ह्यांतली गावं तो आपल्याकडे मागून घेतात. मंडप एकरांत मोजायचा, माणसं लाखांत.

तिथे जेवायला असते आमटी-भाकरी. आमटी मोठमोठ्या काहिलींत शिजते, फावड्याएवढ्या सराट्यांनी ढवळतात, बादल्यांनी वाढतात. भाकरी मात्र मंडपात होत नाही. ती गावागावांतून येते. कोणत्या गावानं कोणत्या दिवशी भाकरी आणायची हे आधी ठरतं. त्या दिवशी घराघरांत पहाटेपासून चुली पेटतात आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या पांढऱ्या कापडाखाली भाकऱ्या भरून निघतात. एका ट्रॉलीत बाजरीची, ज्वारीची, जाड, पातळ, कडेला करपलेली अशी शेकडो हातांची भाकरी एकत्र येते. कुणाच्या ताटात कुणाच्या घरची पडेल, याचा नेम नाही. सरपंच आणि ऊसतोड मजूर एकाच ओळीत खाली बसतात.

सप्ताहाचाही क्रम एका कागदावर मावतो. पहाटे काकडा, मग पारायण, प्रवचन, हरिपाठ, रात्री कीर्तन, जागर, शेवटच्या दिवशी काला. कोणत्याही गावातला शाळकरी मुलगा तो न अडखळता सांगेल. म्हणूनच पुण्याच्या कंपन्यांत गेलेली आमची पोरं तिथल्या सोसायटीच्या पार्किंगमध्येही सप्ताह बसवू शकतात.

दोन्हीकडे मला तीन गोष्टी सारख्या दिसल्या. मजकूर ठरलेला आणि मोठ्यानं म्हणायचा. पदार्थ गरिबाच्या घरचा, श्रीमंतालाही तोच. आणि पुजारी लागत नाही. म्हणणारा कुणीही चालतो. या तिन्हींपैकी एक जरी गळली, तरी कवीची जयंती हारतुऱ्यांची आणि भाषणांची होऊन बसते. नारायण वामन टिळक दोन तपं नगरशी जोडलेले होते, बालकवी काही काळ इथे त्यांच्याच घरी राहिले. टिळकांची भजनं आजही नगर जिल्ह्यातल्या चर्चमध्ये पेटी-तबल्यावर गातात, म्हणून टिळक तिथे जिवंत आहेत. बालकवी तेवढे पाठ्यपुस्तकात उरले. बालकवी टिळकांपेक्षा उणे होते म्हणून असं झालेलं नाही. त्यांची कविता एकत्र म्हणायला जागा राहिली नाही, एवढंच.

उत्तर देण्याची पाळी

बर्न्स सपरच्या पत्रिकेतली एक जागा मात्र आपल्याकडे नाही. ‘टोस्ट टू द लॅसीज’ म्हणजे पुरुषानं स्त्रियांचं कौतुक आणि थोडी थट्टा करायची. ही प्रथा जुनी, आणि कित्येक क्लबांत विसाव्या शतकात बराच काळ ती थट्टा ऐकायला समोर बायकाच नसायच्या, जेवण पुरुषांचंच. बायका आत आल्या, तसं त्या भाषणाला स्त्रीनं उत्तर द्यायचं, हे पत्रिकेत रुजलं. आता पुष्कळ ठिकाणी लोक वाट पाहतात ती याच भाषणाची.

आमच्या सपरला उत्तराला उठली एक संशोधक मुलगी. ती हसली नाही, रागावलीही नाही. तिनं जीन आर्मरचा हिशेब मांडला. जीनला बर्न्सपासून नऊ मुलं झाली. त्याला दुसऱ्या बाईपासून झालेली मुलगीही जीननं आपल्या घरात वाढवली. नवरा गेल्यावर ती १८३४ पर्यंत, म्हणजे अडतीस वर्षं, जगली आणि कवीचं घर पाहायला येणाऱ्या अनोळखी माणसांना दार उघडत राहिली. आपण ज्याची गाणी गातोय त्याची पोरं कुणी जेवू घातली, एवढं विचारून ती खाली बसली. दालनात टाळ्या पडल्या, पण त्याआधी क्षणभर कुणाला काही सुचलं नाही. हा क्षण पत्रिकेनंच राखून ठेवलेला होता. तिला मध्येच उठून भांडावं लागलं नाही.

आपल्याकडे बाईनं फडावर उभं राहणं आता नवं नाही. महिला कीर्तनकार नगर जिल्ह्यात गावोगाव बोलावल्या जातात, गर्दीही खेचतात. पण त्यांनीही उभं राहून ठरलेला अभंगच सोडवायचा. लाखोंच्या पंगतीत जी भाकरी मोडली जाते ती कुणी थापली, पहाटे तीनला कोण उठलं, आणि थापणारीला त्या सात दिवसांत कीर्तन ऐकायला वेळ मिळाला का, हे विचारण्याची जागा सप्ताहाच्या पत्रिकेत नाही. आभार मानतात ते देणगीदारांचे, आचाऱ्यांचे, मंडपवाल्याचे. भाकरीचे मानायचे झाले तर गावाचे.

हे मागायला परक्याचा दाखलाही खरं तर लागू नये. आमच्या ताहाराबादच्या महिपतींनी ‘भक्तविजया’त जनाबाईची कथा सांगितली आहे. त्यात पंढरीचा देव रात्री तिच्या घरी येतो आणि जात्याच्या खुंट्याला हात लावतो. दळणकांडण करणाऱ्या बाईच्या कामाला कवितेत देवाच्या बरोबरीनं बसवणारा कवी आपल्याच तालुक्याशेजारचा. त्यानं अडीचशे वर्षांपूर्वी जे पोथीत लिहिलं, ते पत्रिकेत यायला एक ओळ पुरेल. काल्याच्या दिवशी, पंगत उठायच्या आधी, भाकरी आणणाऱ्या गावांतल्या एका बाईला पंधरा मिनिटं द्यायची, आणि काय बोलायचं ते तिच्यावर सोडायचं. पहिल्या वर्षी ती कदाचित लाजून एक ओवी म्हणून खाली बसेल. तिसऱ्या-चौथ्या वर्षी हिशेब मांडेल. तेव्हा टाळ्यांआधी मंडपालाही काही सुचणार नाही, आणि तसं व्हावं यासाठीच ती जागा करायची.